पेग चालू ठेवून अश्वगंधा घेतली तर चालेल का?

डॉक्टर,
माझं वय ३४, पत्नीचं ३२. लग्नाला पाच वर्षं झाली, गेली दोन वर्षं आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. पत्नीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात काही दोष निघाला नाही. माझी तपासणी मागच्या महिन्यात पहिल्यांदा झाली. शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ९ मिलियन, पुढे जाणारे १८ टक्के, नॉर्मल आकाराचे २ टक्के. मी रोज पिणारा माणूस नाही. शुक्रवारी आणि शनिवारी मित्रांबरोबर बसतो तेव्हा ६० मिलीचे चार-चार पेग होतात. मधल्या वारी कधी बिअरचे दोन कॅन. या मधल्या वाराचं घरी माहीत नाही. मित्राच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपासून अश्वगंधारिष्ट सकाळ-संध्याकाळ घेतो, शिवाय अश्वगंधा, कवचबीज, गोखरू आणि शिलाजीत असलेल्या कॅप्सूल चालू आहेत. मी वाचलं की उंदरांना दारूबरोबर अशा वनस्पती दिल्या तर शुक्राणूंचं नुकसान टळतं. दारू एकदम सोडणं मला जमेल असं वाटत नाही. थोडी चालू ठेवून ही औषधं घेतली तर चालेल का? की दुसरी एखादी वनस्पती जास्त उपयोगी पडेल?
– एक वाचक

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रिपोर्टचे आकडे पाहिले, दुसऱ्यांदा ‘मधल्या वाराचं घरी माहीत नाही’ या वाक्यापाशी थांबलो. त्याकडे नंतर येतो. आधी तुम्ही जे विचारलंत त्याचं सरळ उत्तर: नाही, चालणार नाही. एकीकडे पीत राहायचं आणि दुसरीकडे त्याचं नुकसान अडवायचं, असं काम माणसाच्या शरीरात खात्रीने करणारी एकही वनस्पती मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण तुमच्या रिपोर्टमध्ये हातपाय गाळण्यासारखंही काही नाही. सुधारायला बराच वाव आहे आणि त्यातला मोठा भाग तुमच्याच हातात आहे. म्हणून उत्तर जरा लांबवतो, कंटाळू नका.

उंदरांपासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. असे प्रयोग खूप झाले आहेत. आलं, हळदीतलं कर्क्युमिन, जिनसेंग, ई जीवनसत्त्व, नाना प्रकारचे अर्क वापरून झाले आहेत. प्रयोगाची रीत साधारण सारखीच असते. उंदरांचे गट पाडतात. एका गटाला रोज ठरलेल्या मापाने इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल देतात. दुसऱ्याला इथेनॉल आणि वर वनस्पतीचा अर्क. आणखी एका गटाला नुसतं पाणी. काही आठवड्यांनी वृषणाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शुक्राणू मोजतात, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजतात. इथेनॉलच्या गटात शुक्राणू जिथे तयार होतात त्या नलिकांचं अस्तर विरळ झालेलं दिसतं, अर्क मिळालेल्या गटात ते कमी विरळ असतं. बातमी होते ती या दोन गटांमधल्या फरकाची.

मला तुमचं लक्ष पाणी मिळालेल्या उंदरांकडे वळवायचं आहे. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण बहुतेक प्रयोगांत सगळ्यांत चांगले शुक्राणू त्यांचेच निघतात. अर्काने नुकसान थोडंफार कमी केलेलं असतं, पुसून टाकलेलं नसतं. उंदराला आपला गट निवडता येत नाही, तुम्हाला येतो.

शिवाय उंदीर आणि माणूस यांत एक फरक असा आहे की जो या विषयात फार महत्त्वाचा ठरतो. वजनाच्या मानाने उंदराचं वृषण माणसाच्या मानाने कितीतरी मोठं असतं आणि शुक्राणू भरमसाट तयार करतं. त्यातले निम्मे गेले तरी पिल्लं होतात. माणसाचं उत्पादन मुळातच बेताचं आहे. जिथे उंदराला धक्का जाणवतही नाही तिथे माणूस काठावरून खाली येतो. तुम्ही आत्ता त्या काठाच्या जरा खालीच आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत खालची मर्यादा मिलिलिटरमागे १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख, पुढे जाणारे ३० टक्के आणि नॉर्मल आकाराचे ४ टक्के अशी धरली आहे. ही पास-नापासची रेघ नव्हे. याच्या खाली असलेल्यांनाही मुलं होतात आणि वर असलेल्यांनाही कधी अडचण येते. पण तुमचे तिन्ही आकडे एकदम खाली आहेत, हे मनावर घ्यायला हवं.

आता दारू नेमकं काय करते ते सांगतो, कारण ते कळलं की एखाद्या कॅप्सूलने का भागत नाही हे आपोआप समजेल. वृषणाला काम करायचा हुकूम मेंदूकडून येतो. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन हार्मोन सुटतात. एक टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशींना जागं ठेवतं, दुसरं शुक्राणूंना वाढवणाऱ्या पेशींना. दारू हा हुकूमच मंद करते. त्याच वेळी ती वृषणात पोचून टेस्टोस्टेरॉनच्या पेशींवर थेट घाव घालते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असावं लागतं, तरच शुक्राणू पुरे वाढतात. तिसरी गोष्ट अ जीवनसत्त्वाची. शुक्राणूंच्या वाढीला ते एका विशिष्ट रूपात लागतं आणि त्या रूपात बदलण्याच्या कामात जे एन्झाइम गुंतलेलं असतं तेच अल्कोहोल मोडायलाही धावतं. दारू आली की ते तिकडे अडकतं. चौथी गोष्ट म्हणजे दारू मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य आणि त्याबरोबर ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात. वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्यांत यकृत बिघडतं, पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेनचं पारडं जड होतं, काहींची छाती वाढते, ते वेगळंच.

या चौथ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण वनस्पतींचा सगळा दावा तिच्यावर उभा आहे. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर जेमतेम डोकं, बारीक मान आणि लांब शेपूट एवढंच दिसतं. वाटेत वजन नको म्हणून त्याने पेशीतला बहुतेक सगळा रस टाकून दिलेला असतो. त्या रसाबरोबर स्वतःचं रक्षण करणारी एन्झाइमंही जातात. त्याचं बाहेरचं आवरण नाजूक स्निग्ध आम्लांचं असतं आणि ते ऑक्सिजनच्या त्या कणांनी फार लवकर खराब होतं. मग शेपटी वळवळते पण शुक्राणू जागचा हलत नाही, नाहीतर गोल गोल फिरत राहतो. तुमच्या रिपोर्टमधले १८ टक्के म्हणजे शंभरातले अठराच सरळ वाट काढत होते. डोक्यातल्या डीएनएलाही चिरा पडू शकतात, त्या साध्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट या कणांना निष्प्रभ करतात, हे परीक्षानळीत खरं आहे. पण मी वर चार गोष्टी सांगितल्या आणि अँटिऑक्सिडंटचा संबंध त्यातल्या एकीशी आहे. मेंदूचा मंदावलेला हुकूम आणि अडकलेलं एन्झाइम तसंच राहतं. आणि माणसांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांनी त्या एका गोष्टीबद्दलही निराशाच केली आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने फॉलिक आम्ल आणि जस्त किंवा नुसतीच दिखाऊ गोळी दिली होती. मूल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, उलट गोळ्या घेणाऱ्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्त आणि पोटाच्या तक्रारीही जास्त. दुसरीत क, ई जीवनसत्त्वं, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपीन अशी सगळी मोट बांधून दिली, तरी तीन महिन्यांत शुक्राणूंत फरक पडला नाही. मी स्वतः अनेक वर्षं अशा गोळ्या लिहून देत होतो. या चाचण्या वाचल्यावर सरसकट लिहिणं बंद केलं.

आता अश्वगंधेबद्दल. तिची बाजू मी मुद्दाम नीट मांडतो, कारण तिच्यावर बरंच खरं काम झालं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी संख्येच्या ४६ पुरुषांचे दोन गट केले होते. त्यातल्या २१ जणांना मुळाचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम, ९० दिवस दिला. त्यांची सरासरी संख्या मिलिलिटरमागे ९.६ मिलियनवरून २५.६ मिलियनवर गेली. आकडा मोठा आहे, मलाही उत्सुकता वाटते. पण माणसं एकवीस. आणि त्या चाचणीने विचारलेला प्रश्न ‘कमी असलेली संख्या वाढते का’ हा होता. ‘पीत राहिलेल्या माणसाचं नुकसान अडतं का’ हा नव्हता. तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावताय. कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचंही तसंच. ७५ पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिलेल्या अभ्यासात सुधारणा दिसली, पण तुलनेला दिखाऊ औषध घेणारा गट नव्हता. या बियांत एल-डोपा असतं, तेच पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून देतात. म्हणजे ती अंगावर काही करणारी वस्तू आहे आणि मनोविकाराची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर न विचारता घेण्यासारखी नाही. गोखरू आणि शिलाजीत यांच्याबद्दल यापेक्षाही कमी सांगण्यासारखं आहे.

अश्वगंधेची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. ती घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून आल्या आहेत. खाज, कावीळ, गडद लघवी अशी लक्षणं, आणि औषध थांबवल्यावर बहुतेक जण काही आठवड्यांनी बरे झाले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. बंदी योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, मी त्यात शिरत नाही. पण ज्याच्या यकृताला दर शुक्रवार-शनिवारी आठ पेग मोडायचं काम लागलेलं आहे, त्याने त्याच यकृतावर वरून आणखी ओझं टाकावं, हे मला पटत नाही. तिला थोडी गुंगी आणायचा गुणही आहे. दारूच्या जोडीला तो नको.

आणि आता तुमच्या बाटलीकडे या. पत्र वाचताना मला सगळ्यांत जास्त वाईट इथे वाटलं, कारण यात तुमची काहीच चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. अश्वगंधारिष्टाची बाटली उचला आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचा. आसवं आणि अरिष्टं ही आंबवून केलेली औषधं आहेत. त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के, आणि लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. तुम्ही दिवसाला दोनदा २० मिली घेत असाल, तर १० टक्क्यांच्या हिशेबाने त्यातून रोज साधारण ३ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. आठवड्याचे झाले २२ ग्रॅम. म्हणजे दारूपासून रक्षण व्हावं म्हणून घेतलेल्या औषधातून आठवड्याला जवळपास एक पेग. एवढ्याने शुक्राणू मरतील असं मी म्हणत नाही, प्रमाण थोडं आहे. पण दारू सोडण्यासाठी पुढे एखाद्या डॉक्टरांनी तुम्हाला डायसल्फिरामची गोळी दिली, तर हे थोडंसुद्धा महागात पडेल. चेहरा लालबुंद होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणं. म्हणून अरिष्ट आजच बंद करा.

कॅप्सूलही तूर्त बंद ठेवा, आणि डब्यासकट डॉक्टरांना दाखवायला न्या. पुरुषांच्या ‘ताकदी’साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत काय असेल याचा नेम नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या अशा कितीतरी गोळ्यांत लपवलेलं सिल्डेनाफिल पकडलं आहे. हृदयविकारावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे पाचव्या हिश्श्याच्या औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आणि शिसं हे स्वतःच शुक्राणूंचं विष आहे. ज्या कारणासाठी औषध घ्यायचं त्याच्या नेमकं उलट व्हायचं. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड सुचवलं तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणाला हुकूम देणंच बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलतोय असं समजू नका. उलट आयुर्वेदाने या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा नेमकं देऊन ठेवलं आहे. चरकसंहितेत वाजीकरणावर, म्हणजे प्रजननशक्ती वाढवणाऱ्या उपचारांवर, स्वतंत्र अध्याय आहे, तसाच मद्याने होणाऱ्या विकारांवरही आहे. त्यात मद्याचे दहा गुण सांगून ते ओजाच्या, म्हणजे शरीराच्या मूळ बळाच्या, दहा गुणांच्या बरोबर विरुद्ध आहेत असं म्हटलं आहे. आणि सुश्रुताने चिकित्सेचं सार एका शब्दात सांगितलं: निदानपरिवर्जन. रोगाचं कारण आधी टाळा. कारण चालू ठेवून वाजीकरण करा, असं सांगणारा चांगला वैद्य तुम्हाला मिळणार नाही.

तुम्ही म्हणता, मी रोज पिणारा नाही. हे मी खूप जणांकडून ऐकतो आणि ते मनापासून म्हणत असतात. पण एकदा हिशेब मांडू. मिली गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९, भागिले १००, की अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ४२ टक्क्यांचा ६० मिलीचा पेग म्हणजे २० ग्रॅम. ५ टक्के बिअरचा ५०० मिलीचा कॅन म्हणजेही २० ग्रॅमच. दोन रात्रींचे आठ पेग आणि दोन कॅन, आठवड्याचे २०० ग्रॅम. डेन्मार्कमध्ये १,२२१ तरुणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलं एक माप १२ ग्रॅमचं. आठवड्याला पाच मापांच्या पुढे गेलेल्यांतच शुक्राणूंची गुणवत्ता उतरलेली दिसू लागली होती, आणि पंचवीसच्या पुढे ती ठळक होती. तुम्ही सतराच्या आसपास आहात. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण तुमचा रिपोर्ट हातात असताना मी तो बाजूला ठेवणार नाही.

शिवाय एका बैठकीतले चार पेग म्हणजे ८० ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मोडतं. बैठकीतून रात्री बाराला उठलात तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अरिष्ट घेता तेव्हा आदल्या रात्रीची दारू अजून रक्तात असू शकते. आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक.

आता चांगली बातमी, आणि ही मी आतून सांगतोय. शुक्राणू सतत नवे तयार होत असतात. मूळ पेशीपासून पुरा शुक्राणू व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर वृषणामागच्या नळीत पक्व व्हायला आणखी दहा-बारा दिवस. तुम्ही मागच्या महिन्यात डबीत दिलेला नमुना हा त्याआधीच्या तीन महिन्यांचा होता, त्या तीन महिन्यांतल्या सगळ्या शुक्रवार-शनिवारांसकट. आज थांबलात तर बारा आठवड्यांनी जो नमुना द्याल त्यातल्या जवळपास एकाही शुक्राणूने दारू पाहिलेली नसेल. २०१० मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली आहे. वर्षानुवर्षं जबर पिणाऱ्या त्या माणसाचे शुक्राणू आधी आकाराने बिघडले, मग घटत घटत शून्यावर आले. त्याने दारू थांबवली आणि तीन महिन्यांत तपासणी पूर्ण नॉर्मल आली. प्रत्येकाचं असं होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण कुठल्याही वनस्पतीच्या नावावर अशी नोंद मी पाहिलेली नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं बारा आठवड्यांचं आहे. कमी करून बघतो असं नको, कारण दोन पेगवर थांबायचं ठरवणं हे एकही न घेण्यापेक्षा अवघड असतं. पहिला पेगच ठरवलेलं विसरायला लावतो. पण त्याआधी स्वतःला खरं विचारा: दोन-तीन दिवस प्यायला मिळाली नाही तर हात थरथरतात का, घाम फुटतो का, झोप उडते का, सकाळीच घ्यावीशी वाटते का? यातलं काहीही असेल, किंवा मला लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त होत असेल, तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराला सवय लागलेल्या माणसाला अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो. हे जीवघेणं ठरू शकतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन ते सहज टाळता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ती डॉक्टरांकडे भरा. ओढ कमी करणारी औषधंही आहेत, ती मागण्यात कमीपणा काही नाही.

तशी लक्षणं नसतील तर अडचण शुक्रवारच्या संध्याकाळची आहे. मित्रांपैकी एकाला, फक्त एकाला, खरं कारण सांगा. तो बाकीच्यांचा आग्रह मोडून काढेल. पहिले तीन-चार शुक्रवार बैठकीला जाऊच नका. तो वेळ कशाने तरी आधीच भरून ठेवा, नुसतं ‘आज जायचं नाही’ म्हणून घरात बसलात तर घड्याळाकडे बघत राहाल. सिगारेट असेल तर तीही याच बारा आठवड्यांत सोडा. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, तेव्हा मांडीवर लॅपटॉप आणि गरम पाण्यात बसणं टाळा.

आणखी एक काम समांतर करायचं आहे, ते विसरू नका. तुमच्या शुक्राणूंचं खापर मी एकट्या दारूवर फोडू शकत नाही. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास ४० टक्क्यांत वृषणाच्या शिरा फुगलेल्या सापडतात. हाताने तपासून कळतं, त्यावर उपाय आहे, आणि अश्वगंधा घेत बसलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. पुरुषांच्या वंध्यत्वाची माहिती असलेल्या युरोलॉजिस्टकडे एकदा जा. शारीरिक तपासणी, एफएसएच (पीयूषिका ग्रंथीतलं, शुक्राणूंच्या वाढीला लागणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन आणि यकृताच्या तपासण्या होऊ द्या. मागच्या दोन महिन्यांत काय काय घेतलं ते सगळं सांगा, अरिष्ट आणि कॅप्सूलसकट. बारा आठवड्यांनीही तुम्हाला वैद्यांकडून एखादी वनस्पती घ्यायची असली तर माझी हरकत नाही. एकच, नाव आणि मात्रा माहीत असलेली, आणि यकृताची तपासणी करत.

आता ते वाक्य. मी रोज बघतो, बायको जाड फाइल छातीशी धरून आत येते. तिच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, जो काढताना चांगलं दुखतं. नवऱ्याचा एक कागद, तोही शेवटी. तुमच्या घरीही साधारण तसंच झालेलं दिसतंय. दोन वर्षं ती दर महिन्याला पाळी आली की काय समजत असेल? दोष आपल्यातच कुठेतरी लपलाय, असंच ना? तिला मधल्या वाराचं सांगा. आकडा जसा मला लिहिलात तसाच सांगा, कमी करून नको. ‘माझा रिपोर्ट कमी आहे, त्यात माझ्या पिण्याचा हात असू शकतो, मी बारा आठवडे थांबतोय’ एवढं म्हणालात तरी पुरे. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. ते सोसा. कॅन लपवत बारा आठवडे काढता येत नाहीत, कारण लपवायची जागा असली की कॅनही येतोच.

मग दोघं मिळून कॅलेंडरवर तारीख घाला. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. मागच्या वेळी जितके दिवस ठेवले होते तितकेच ठेवा, म्हणजे दोन्ही रिपोर्टची तुलना करता येईल. लॅबही तीच असू द्या. मधे मोठा ताप येऊन गेला तर तारीख पुढे ढकला, तापाने आकडे उतरतात. शक्यतो नमुना लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा झाला तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाच्या आत पोचवा.